जॅक उचलतो, धरून ठेवत नाही

(लोहारा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे प्रश्न व त्यांची उत्तरे दिली आहेत.)



तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं जॅकवर बोलायचं, हे काही जणांना चमत्कारिक वाटलं असेल. साहजिक आहे. मी गॅरेजवाला नाही, इंजिनिअर नाही. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. पण तर्कशास्त्राच्या पेपरात अनुमान चुकलं तर पाच मार्क जातात, आणि जॅकखाली अनुमान चुकलं तर माणूस जातो. त्यामुळे विषय माझ्या हद्दीतला आहे, असं मी समजतो.

इथं जॅक कुणाकडे नाही? ट्रॅक्टर आहे तिथे जॅक आहे. ट्रॅक्टर नसला तरी शेजाऱ्याचा आहे. ज्यासाठी तो केलाय ते काम वर्षातून चार-सहा वेळा निघतं, म्हणजे चाक बदलायचं. बाकीचे दिवस तो कोपऱ्यात पडून असतो. आणि एवढी ताकदीची वस्तू नुसती पडून आहे म्हटल्यावर माणसाचं डोकं चालायला लागतं. बोअरमध्ये पाईप अडकला, लाव जॅक. माळवदाची तुळई खाली आली, लाव जॅक. बेअरिंग निघेना, लाव जॅक. झाडाचा बुंधा, गाडलेला खांब, वाकलेला गेट, सगळ्याला एकच औषध. याला आपण जुगाड म्हणतो आणि त्याचं कौतुकही करतो. कौतुक करण्यासारखं त्यात आहेच. गरीब मुलखात माणसं अशीच जगतात. मी त्याची टिंगल करायला आलो नाही. त्यातली एक चूक नेमकी कुठे आहे, तेवढं समजून घेऊ.

हाताला कळत नाही

आधी हा जॅक काम कसं करतो ते पाहू. आपल्याकडचा जुना, भरवशाचा म्हणून ओळखला जाणारा प्रकार म्हणजे स्क्रू जॅक, आट्यांचा. समजा त्याचा दांडा ४० सेंटिमीटरचा आहे. एक पूर्ण फेरा मारला की तुमचा हात जवळजवळ २५० सेंटिमीटर फिरतो. तेवढ्या फेऱ्यात भार किती वर जातो? दोन आट्यांमधलं अंतर जेवढं तेवढा. ते ६ मिलिमीटर धरू. हात अडीच मीटर फिरला आणि भार अर्ध्या सेंटिमीटरहून थोडा जास्त चढला. हे प्रमाण चारशेच्या वर जातं. त्यातला तीन चतुर्थांश भाग घर्षणात गेला असं धरलं, तरी शंभरपट उरतं. म्हणजे दांड्यावर २० किलोचा जोर लावला की वर २ टन उचलले जातात.

हे घर्षण वाया जातं असं वाटतं, पण तेच इथं उपयोगाचं आहे. लावलेल्या कष्टांपैकी निम्म्याहून जास्त घर्षणात जातात, म्हणून तर हात सोडला तरी आटे उलटे फिरत नाहीत. तेलाच्या जॅकचं तसं नाही. त्याला आपण बाटली जॅक म्हणतो. त्याचं वायसर झिजलं की तो हळूहळू बसतो. म्हणून जुनी माणसं म्हणतात, "आट्याचा जॅक बसत नाही." खरं आहे. पण 'बसत नाही' म्हणजे 'पडत नाही' असं नाही. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

त्याआधी या शंभरपटीचा दुसरा परिणाम बघा. ज्वारीचं पोतं पाठीवर घेतलं की पाठ सांगते, जड आहे. गुडघा सांगतो, पाय घसरतोय. शरीर आपल्याला वेळेवर सावध करतं. जॅकमध्ये हाताला २० किलोच कळतात. वर जे २ टन आहेत ते शरीराला कळतच नाहीत. लहान मूलसुद्धा दांडा फिरवू शकतं. यंत्रानं आपले कष्ट कमी केले, आणि त्याबरोबर कष्टातून मिळणारी सूचनाही बंद केली. जी सूचना शरीर देत नाही, ती बुद्धीनं द्यावी लागते. त्यासाठी थोडं गणित करावं लागतं.

उचलणं वेगळं, धरणं वेगळं

जॅक ज्यानं बनवला त्यानं मनात काही गोष्टी धरलेल्या आहेत. जमीन कठीण असेल. जॅक सरळ उभा असेल. भार त्याच्या डोक्याच्या मधोमध असेल. भार आडवा सरकणार नाही. आणि काम थोड्या वेळाचं असेल. या पाच गोष्टी असतील तर जॅक आपलं काम चोख करतो. त्यावर टनांचा जो आकडा लिहिलेला असतो, तो या पाच गोष्टी गृहीत धरून लिहिलेला असतो. आपण आकडा वाचतो, गृहीतकं वाचत नाही.

पहिली गोष्ट जमिनीची घेऊ. समजा जॅकचा तळ १२ सेंटिमीटर लांब, १२ रुंद. क्षेत्रफळ १४४ चौरस सेंटिमीटर. वर ३ टन आले, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २१ किलो. आपली काळी माती ओली असताना अर्धा ते एक किलो सोसते. म्हणजे वीसपट जास्त भार आपण तिच्यावर टाकतोय. जॅक मातीत जाणारच. तो सरळ खाली गेला असता तर चाललं असतं, पण तो एका बाजूनं जातो आणि कलतो. यावर उपाय साधा आहे. खाली जाड लाकडी फळी द्यायची. पण केवढी? एक किलोच्या हिशोबानं ३००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण पावणेदोन फूट लांब, पावणेदोन फूट रुंद, आणि वाकणार नाही इतकी जाड. आपण काय देतो? हाताला लागेल तो फळीचा तुकडा.

दुसरी गोष्ट कलण्याची. जॅक ४० सेंटिमीटर उंच झालाय आणि तळ १२ सेंटिमीटरचा आहे. त्याचं डोकं मध्यापासून ६ सेंटिमीटर बाजूला गेलं की भार तळाच्या कडेवर आला. त्यापुढे तो उलटणार. ६ सेंटिमीटर म्हणजे चार बोटं. आणि ही सगळं उत्तम असतानाची मर्यादा झाली. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी डोकं निसटतं, कारण लोखंडावर लोखंड टेकलेलं असतं, त्यावर ग्रीस असतं, चिखल असतो. ट्रॉलीची बाकीची चाकं दगड लावून अडवली नसतील, तर चार बोटं सरकायला कितीसा वेळ लागतो? शेजारून भरधाव ट्रक गेला, कुणी वर चढून दोर सोडायला लागलं, ट्रॅक्टरवाल्यानं क्लच दाबला, झालं.

म्हणून मी म्हणतो, जॅक उचलतो, धरून ठेवत नाही. धरून ठेवणं हे टेकूचं काम आहे. गॅरेजमध्ये लोखंडी घोडी असते, शेतात जाड ओंडके आडवे-उभे रचून टेकू करता येतो. रुंद तळ, कमी उंची, आणि हलणारा एकही भाग नाही, ही टेकूची लक्षणं. जॅकची लक्षणं बरोबर याच्या उलट आहेत. अरुंद तळ, वाढती उंची, आणि सगळे भाग हलणारे. ज्याचा जन्म हलवण्यासाठी झालाय, त्याच्याकडून स्थिर राहण्याची अपेक्षा करायची नसते.

आपल्याकडचे चार प्रयोग

आता आपल्या भागात जे चालतं त्यातली चार उदाहरणं घेऊ.

पहिलं, उसाच्या ट्रॉलीचं. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रस्त्याच्या कडेला पंक्चर झालेली ट्रॉली रोज दिसते. माल आणि ट्रॉली मिळून १२ टन धरा, चार चाकं धरा. एका कोपऱ्यावर ३ टन आले. ऊस एका अंगाला जास्त भरला असेल तर त्याहून जास्त. रस्त्याची साइडपट्टी मऊ आणि उतरती. जॅकची उंची पुरत नाही म्हणून खाली विटा नाहीतर दगड. वीट भिंतीत चांगली, कारण तिथे भार सगळ्या अंगावर सारखा येतो. जॅकच्या तळाखाली, खडबडीत जमिनीवर ती मधोमध वाकते आणि वाकणं विटेला सोसत नाही. लाकूड करकरतं, दबतं, आधी सांगतं. वीट सांगत नाही, एकदम फुटते. भरलेली ट्रॉली उचलायचीच असेल तर आधी ती पक्क्या, सपाट जागेवर न्यायची. टायर गेला तर गेला. आणि चाक काढण्याआधी आसाखाली ओंडके गेलेच पाहिजेत.

दुसरं, बोअरचं. आपल्याकडे पाणी खोल गेलंय, बोअर पाचशे-सहाशे फुटांच्या झाल्यात. मोटार गाळात किंवा दगडात अडकली की चेन पुलीनं निघत नाही. मग पाईपला क्लॅम्प आवळायचा, दोन बाजूंना दोन जॅक लावायचे, आणि दोघांनी फिरवायचं. इथं मोठा गैरसमज असा की आपण पाईप वर काढतोय. मोटार अडकलेली असेपर्यंत पाईप वर येतच नसतो, तो ताणला जात असतो. हिशोब करू. दीड इंची जीआय पाईप, २०० मीटर खोल, म्हणजे साडेसहाशे फूट. त्यावर ३ टनांचा ताण दिला तर तो सुमारे ६ सेंटिमीटर लांबतो. वरून बघणारा खूश होतो, "आला की दोन इंच!" प्रत्यक्षात मोटार आहे तिथेच आहे, आणि आपण तीन टनांची स्प्रिंग भरून ठेवलीय. त्यात साठलेली ऊर्जा किती? ५० किलोचं सिमेंटचं पोतं पुरुषभर उंचीवरून पडावं, तेवढी. क्लॅम्प निसटला, आट्याचा जोड सुटला की ती सगळी एका क्षणात बाहेर येते. क्लॅम्प उडतो, जॅक उडतात, आणि दोन माणसं जॅकच्या दांड्यावर वाकलेली असतात. त्यातून दोन जॅक कधीच सारखे चढत नाहीत, त्यामुळे क्लॅम्प तिरका होतो आणि निसटायची शक्यता आणखी वाढते. वर विजेची तार असेल तर सुटून वर येणारा लांब पाईप तिला लागण्याचा धोका निराळाच. हे काम ज्यांच्याकडे बोअरची गाडी आहे त्यांचं आहे. मोटार गेली तर पैशाचं नुकसान आहे, मोठं आहे, मला मान्य आहे. पण ते पैशाचंच आहे.

तिसरं, माळवदाचं. याविषयी मला इथं विशेष बोलायचंय. खांबाचं खालचं टोक वाळवीनं खाल्लेलं असतं, तळखड्यावर तो बसलेला असतो, तुळई वाकलेली असते. मग शेजारी जॅक मांडून, त्यावर एक सुटं लाकूड उभं करून तुळई उचलायची आणि खांब बदलायचा. वर किती वजन आहे? दहा बाय दहा फुटांची खोली धरा. वर दीड फूट पांढरी माती. १५० घनफूट झाली. एक घनफूट कोरडी माती ४५ किलोच्या आसपास. म्हणजे एका खोलीच्या डोक्यावर पावणेसात टन. पावसात भिजली तर त्याहून जास्त. लाकडाचं वजन मी धरलंच नाही. यातला निम्मा भार एका खांबावर येत असेल तरी ३ टनांच्या पुढे गेला. आणि आपण तो कशावर घेतोय? जॅकच्या डोक्यावर ठेवलेल्या सुट्या लाकडावर. जॅक आणि लाकूड यांचा सांधा म्हणजे बिजागरीच, ती कोणत्याही बाजूला मोडू शकते. शिवाय एक तुळई उचलली की तिच्या शेजारच्यांचा भार बदलतो, भिंतीत बसलेली टोकं सुटतात. तुम्ही उचलता इथं आणि पडतं तिकडं.

चौथं, हातचलाखीचं. बेअरिंग दाबून बसवायला किंवा काढायला चॅनेलच्या चौकटीत जॅक घालून प्रेस बनवतात. बेअरिंगचं पोलाद कडक असतं, ते वाकत नाही, तडकतं, आणि तुकडा गोळीसारखा सुटतो. त्याच जातीचा दुसरा धोका छिद्रांच्या उभ्या पट्टीवर खुंट्यांनी चढणाऱ्या उंच जॅकचा. अमेरिकेत शेतकऱ्यांमध्ये तो शंभर वर्षांहून जास्त काळ प्रचारात आहे, आता आपल्याकडेही जीपवाल्यांकडे दिसतो. त्यात आट्यांचं घर्षण नाही. भार दोन खुंट्यांवर आलटून-पालटून पेलला जातो. उतरवताना दांडा हातातून सुटला तर तो भाराच्या जोरावर आपोआप वर-खाली आपटायला लागतो, आणि हनुवटी, जबडा, मनगट त्याच्या वाटेत असतं. अशा जॅकच्या दांड्यावर डोकं कधी न्यायचं नाही, आणि काम नसताना दांडा पट्टीला उभा टेकवूनच ठेवायचा.

छत डोक्यावर येणं म्हणजे काय

मंडळी, माळवदाच्या वजनाचा हिशोब या तालुक्याला शिकवायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून माणसं नुकतीच झोपलेली. किल्लारी तिकडे, सास्तूर इकडे. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावरची माती, हेच हजारो माणसांच्या अंगावर आलं. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. जी गावं हलवली नाहीत, तिथल्या घरांच्या दुरुस्तीसाठी ज्या सूचना दिल्या गेल्या त्यात छतावरची जादा माती कमी करा, ही एक होती. भिंतीच्या दोन थरांना सांधणारे बंध घाला, खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरके टेके द्या, याही होत्या. म्हणजे आधी भार कमी करा, मग त्याला आडवा आधार द्या. आपला जॅकचा प्रयोग यातलं एकही करत नाही. तो भार तसाच ठेवतो आणि आडवा आधार उलट काढून घेतो.

ढिगाऱ्याखालून माणसं काढणाऱ्या पथकांचा जगभर एक नियम आहे. आपल्या देशात २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल स्थापन झालं, त्याची एक तुकडी पुण्याजवळ असते. अशा दलांना जॅक वापरावाच लागतो, तेही सगळ्यात वाईट जागी. त्यांचा नियम आहे : इंचभर उचला, इंचभर टेका. इंचभर भार वर गेला की लगेच त्याखाली इंचाची फळी सरकवायची. पुन्हा इंचभर, पुन्हा फळी. जॅक निसटलाच तर भार किती खाली येणार? फार तर एक इंच. दगडाखाली माणूस तळमळतोय, एकेक मिनिट मोलाचं आहे, आणि तरीही ही मंडळी फळी सरकवायला थांबतात. चाक बदलताना आपल्याला यापेक्षा जास्त कसली घाई असते, याचा विचार करा.

'आजवर काही झालं नाही'

हे सगळं सांगितलं की एक उत्तर ठरलेलं असतं. "सर, वीस वर्षं असंच करतोय. आजवर काय झालं नाही बघा." इथून पुढे माझा विषय सुरू होतो.

हे अनुमान आहे. शंभर वेळा जॅक लावला, शंभर वेळा भार थांबला, म्हणून जॅक लावला की भार थांबतो. आपल्या न्यायदर्शनानं अशा अनुमानांचा फार बारकाईनं विचार केलाय. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण उलट करून पाहा. जिथे अग्नी तिथे धूर? चुलीत रोज दिसतं तसंच. शंभर वेळा बघितलं, हजार वेळा बघितलं. तरी ते चूक आहे. नैयायिक उदाहरण कोणतं देतात? तापवून लाल केलेल्या लोखंडाच्या गोळ्याचं! लोहाराच्या भट्टीतून काढलेला गोळा बघा, अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर कुठून येत होता? सरपण ओलं होतं म्हणून. अग्नी आणि धूर यांची जोडी ओल्या सरपणाच्या अटीवर टिकलेली होती. या गुपचूप बसलेल्या अटीला न्यायशास्त्रात 'उपाधी' म्हणतात. उपाधी जोवर हजर असते तोवर ती दिसत नाही. ती गेली की नियम मोडतो, आणि माणूस म्हणतो, "असं कसं झालं?"

जॅक लावला की भार थांबतो, यात उपाधी कोणत्या? जमीन कठीण होती. उन्हाळा होता. ट्रॉली रिकामी होती. दुसऱ्या बाजूला कुणीतरी न सांगता दगड लावला होता. वीस वर्षांत या अटी बहुतेक वेळा आपोआप पाळल्या गेल्या, आणि त्याचं श्रेय आपण जॅकला आणि आपल्या हाताला दिलं. एकविसाव्या वर्षी रात्री पाऊस पडून गेलेला असतो. जॅक तोच, माणूस तोच, फक्त उपाधी गेलेली असते.

आपण म्हणतो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. योगायोगाला कारण समजू नका, असा त्याचा अर्थ. मी म्हणेन, याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. कावळा शंभरदा बसला आणि फांदी मोडली नाही, यावरून फांदी मजबूत ठरत नाही. तिच्यावर अजून तेवढा भार आलेला नाही, एवढंच ठरतं.

आणखी एक. 'काही झालं नाही' हे सांगायला कोण उरतं? ज्याला काही झालं नाही तोच. ज्याला झालं तो पारावर बसून अनुभव सांगायला येत नाही. म्हणजे साक्षीदारच एका बाजूचे आहेत. कोर्टात असे साक्षीदार चालत नाहीत, आपल्या निर्णयात का चालावेत?

खाली कोण जातं?

आता शेवटचा मुद्दा. माझ्या लेखी तोच मुख्य आहे.

"काय होत नाही" असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा दांड्याजवळ असतो. खाली शिरणारा दुसराच असतो. तो वयानं लहान असतो, अंगानं बारीक असतो, नाहीतर रोजंदारीवर असतो. किन्नर असतो, पुतण्या असतो, ऊसतोड मजुराचं पोर असतं. त्याला भीती वाटत नाही असं नाही. "मी जात नाही" म्हणायची सोय त्याला नसते. म्हटलं तर भित्रा ठरतो, किंवा उद्याचं काम जातं. धोका एकानं पत्करायचा आणि तो दुसऱ्यानं भोगायचा, याला धाडस म्हणत नाहीत. आपल्या जिवावर धाडस करायचा अधिकार वादापुरता मान्य करू. दुसऱ्याच्या जिवावर करायचा अधिकार कुणालाच नाही, बापालासुद्धा मुलाच्या जिवावर नाही.

म्हणून मी एक कसोटी सुचवतो. खाली हात घालण्याआधी स्वतःला विचारायचं : आत्ता, या क्षणी जॅक पूर्ण काढून घेतला तर भार कुठे थांबेल? "ओंडक्यावर थांबेल" हे उत्तर असेल तर काम करा. "थांबणार नाही" हे उत्तर असेल तर कुणालाही खाली पाठवू नका. आणि ज्याला खाली जायचंय त्यानं हा प्रश्न विचारला, तर त्याला भित्रा म्हणू नका. तिथं हजर असलेल्यांत विचार करणारा तो एकटाच असतो.

कामापुरतं सांगायचं तर एवढं लक्षात ठेवा. जागा पक्की आणि सपाट. खाली रुंद, जाड लाकूड. विटा नाहीत, दगडांची चळत नाही. जमिनीवर राहणारी चाकं दोन्ही अंगांनी अडवलेली. इंचभर उचल, इंचभर टेकू. जॅक ओढायला, ढकलायला, आडवा लावायला नाही. आणि छत, भिंत किंवा बोअर असेल तर जाणकार माणूस बोलवायचा.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : रस्त्यात, रात्री, एकट्यानं ओंडके कुठून आणायचे?

उत्तर : ओंडके रस्त्यात आणायचे नसतात, घरून न्यायचे असतात. बाभळीचे फूट-दीड फुटाचे सहा-आठ तुकडे, दोन जाड फळ्या, चाकाला लावायचे चार दगड. ट्रॅक्टरवर एका खोक्यात मावतात, खर्च जवळपास शून्य. जॅक नेता ना आठवणीनं? मग हेही त्याच्याबरोबर. आणि रात्री एकटे असाल तर पहिलं काम उजेडाचं आणि मागून येणाऱ्यांना ट्रॉली दिसेल याची सोय करण्याचं. चाक नंतर.

प्रश्न : बदललेलं चाक किंवा स्टेपनीच खाली सरकवून ठेवली तर?

उत्तर : काहीच नसण्यापेक्षा बरं. रिमसकट चाक आडवं सारलं तर भार पूर्ण जमिनीवर येत नाही, माणसाला थोडी जागा राहते. ती दुसरी फळी समजा, पहिली नव्हे. ओंडके असतील तर तेच घाला, आणि त्याशिवाय चाकही सारा.

प्रश्न : आमच्या जुन्या घराचा एक खांब खालून खाल्लाय. जाणकार माणूस परवडत नाही. काय करावं?

उत्तर : तुमची अडचण खरी आहे. आजच्या आज पैसे न लागता होणारं काम सांगतो. त्या खोलीत झोपणं बंद करा, शक्य झालं तर आजपासून. तिच्या छतावर नवी माती टाकू नका, पाणी साचू देऊ नका. मग भार कमी करायचा, म्हणजे माती थोडी थोडी, दोन्ही बाजूंनी सारखी उतरवायची. पण तेही कुणी अनुभवी गवंडी किंवा सुतार येऊन बघून गेल्यावरच, कारण खाल्लेल्या छतावर चढणं हाही धोका आहे. भार उतरला की पुढचं काम सोपं आणि स्वस्त होतं, आणि कदाचित जॅक लागणारही नाही. नुसतं बघून सांगायला गवंडी फार पैसे घेणार नाही. तेवढं मात्र करा, पावसाळ्याआधी.